पालवणकर बाळू : एका गोलंदाजाचा उत्तरार्ध

दिवाळी सरली की बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, आणि गळीत हंगाम संपेपर्यंत फडात राहायचे असते. या व्यवहारात पती-पत्नीच्या जोडीला एक नाव आहे. तिला ‘कोयता’ म्हणतात. मुकादम किती माणसे आणली असे सांगत नाही, किती कोयते आणले असे सांगतो. हा शब्द आपल्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की, त्यात माणसाच्या जागी हत्यार आले आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. काम करणारा हात हवा असतो. त्या हातामागच्या माणसाला नाव, घर, आजारपण आणि म्हातारपण असते, याची नोंद हिशेबाच्या वहीत होत नाही.

ही सवय केवळ उसाच्या फडातली नाही. ज्या खेळाला आपण सभ्य गृहस्थांचा खेळ म्हणतो आणि ज्याच्या वेडाने आपल्या खेड्यापाड्यांतली पोरे रबरी चेंडू घेऊन उन्हातान्हात धावत असतात, त्या क्रिकेटच्या मैदानावरही ती होती. त्या मैदानावरच्या एका थोर मराठी गोलंदाजाची कथा आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो. त्याच्या पराक्रमाविषयी अलीकडच्या काळात पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस विशेष रस आहे तो त्याच्या उत्तरार्धात : वय वाढल्यावर संघाने त्याला कसे वागवले आणि खेळ सुटल्यावर तो कोणत्या वाटेने गेला, यात.

त्याचे नाव पालवणकर बाळू. आपल्या बीड शहराजवळही पालवण नावाचे गाव आहे. परंतु या घराण्याचे पालवण ते नव्हे, ते कोकणातले. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार समाजात झाला. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यास आले. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम हे खेळ शिकले. पुढे गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोघे भाऊही याच वाटेने गेले, आणि चौघेही हिंदू संघाकडून खेळले. एका घरातून चार खेळाडू निघावेत, आणि तेही अशा घरातून की ज्याला गावच्या पाणवठ्यावर शिवण्याची मोकळीक नव्हती, ही गोष्ट तेव्हाच्या महाराष्ट्रात साधी नव्हती.

बाळू मैदानावर प्रथम आले ते खेळाडू म्हणून नव्हे. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरवणे, हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे पगार चार रुपये झाला आणि कामही वाढले : खेळपट्टी दाबायची, चुन्याच्या रेघा मारायच्या, सरावासाठी जाळी उभारायची आणि टेनिसचे अंगण आखायचे. पुढे ज्या खेळपट्टीवर त्यांनी भल्याभल्यांचे दांडू उडवले, त्या खेळपट्टीचा स्वभाव त्यांना असा पायाखालून, घाम गाळून कळला होता. कोणती माती किती पाणी पिते, सकाळच्या दवाने चेंडू किती थांबतो आणि उन्हाने भेगाळलेल्या जागी पडलेला चेंडू कोणीकडे वळतो, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही.

जाळ्यात सराव करणाऱ्या साहेबांना चेंडू टाकणारा कोणीतरी हवा असे. ट्रॉस नावाच्या एका साहेबाने बाळूंच्या हाती प्रथम चेंडू दिला असे सांगतात. मग त्या क्लबाचे नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग यांची नजर या पोऱ्यावर पडली. ग्रेग रोज इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी बाद केले की ग्रेग आठ आणे बक्षीस देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली तर साहेबाला आठ वेळा बाद करणे म्हणजे एक महिन्याचा पगार मिळवणे होते. गोलंदाजाला याहून चांगली शाळा कोणती? तथापि या शाळेत एक धडा मुळीच शिकवला जात नव्हता. शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती तेथे कोणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे श्रमाचे काम, म्हणून ते चाकराचे. फलंदाजी ही मानाची, म्हणून ती साहेबाची.

बाळू डावखुरे, मंद गतीचे फिरकी गोलंदाज होते. या प्रकारच्या गोलंदाजीत वेगाचा धाक नसतो. चेंडू हवेत किती वेळ ठेवायचा, कुठे टाकायचा आणि बोटांनी त्याला किती पीळ द्यायचा, यावर सारे अवलंबून असते. फलंदाजाला वाटते की चेंडू मारण्याजोगा आहे. तो पुढे सरसावतो आणि चेंडू त्याला चकवून निघून जातो. ही कला धीराची आहे. म्हणूनच ती वयाबरोबर लगेच ओसरत नाही, उलट मुरत जाते. बाळूंच्या उत्तरार्धाचा विचार करताना ही गोष्ट लक्षात ठेवणे अवश्य आहे.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी युरोपियनांना आव्हान द्यायचे ठरवले तेव्हा प्रश्न उभा राहिला : या गोलंदाजाला संघात घ्यायचे काय? काही तेलुगू सभासद अनुकूल होते. काही ब्राह्मण सभासद प्रतिकूल होते. तेव्हा खुद्द ग्रेग यांनी वृत्तपत्रातून, बाळूंना वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा आशयाचे मत दिले. शेवटी बाळूंना घेतले. पण कसे घेतले? मैदानावर सारे एकच चेंडू हाताळत होते. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यातून, जे नंतर फेकून द्यायचे असे. जेवणाला वेगळे ताट आणि वेगळी जागा. तोंड धुवायचे झाले तर पाणी देण्यास त्यांच्यासारखाच कोणी अस्पृश्य गडी लागे. कातड्याच्या चेंडूला विटाळ नव्हता. तो टाकणाऱ्याच्या ओठांना होता.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना ठरला तेव्हा बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी कित्येक दिवस रोलर फिरवून खेळपट्टी टणक केली, असे सांगतात. तरीही बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू संघ जिंकला. विजयानंतर त्यांचा मोठा सत्कार झाला. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत त्यांना हार घातला आणि लोकमान्य टिळकांनीही त्यांचा गौरव केला. ज्या शहराने चहाची कपबशी नाकारली, त्याच शहराने हार घातला. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि बाळूंचे पुढील सारे आयुष्य या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून गेले.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळ, असा क्रम सुरू झाला. तेथेही प्रारंभी विरोध झाला आणि तेथेही कोणी समंजस माणसाने तो मोडून काढला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघ मुंबई जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांशी खेळला. हिंदूंनी दोन डावांत २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले, आणि हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळू व शिवराम हे दोघेही त्या संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारणावादी पत्राने या सामन्याकडे केवळ खेळ म्हणून पाहिले नाही. जातीची बंधने सैल होण्याच्या वाटेवरील एक टप्पा म्हणून त्याने या भावांच्या समावेशाचे स्वागत केले. मुंबईत सहभोजनाच्या बाबतीतही पुण्यापेक्षा एक पाऊल पुढे पडले होते. परंतु विजयाची भूक जेवढी मोठी होती तेवढेच ते पाऊल पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली सर्व समाजांचा मिळून एक भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो राजे पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचा उन्हाळा होता. महाराजांचे बरेचसे लक्ष मेजवान्यांकडे लागले होते, आणि संघाचे फारसे काही चालले नाही. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दहा गमावले आणि दोनच जिंकले. या पडझडीत एक माणूस अढळ राहिला. पस्तिशीत पोचलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी मिळवले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत आठ गडी बाद केले. आयुष्यभराची त्यांची प्रथम श्रेणीतील कामगिरी ३३ सामन्यांत १७९ बळी अशी आहे, आणि प्रत्येक बळीसाठी त्यांनी सरासरी पंधरा धावांहून किंचित अधिक दिल्या. अशी सरासरी कोणत्याही काळात मोठीच मानली जाईल.

दौऱ्यावरून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र एका विशीतल्या विद्यार्थ्याने लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नमूद केले आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. बाळू हे त्या काळी अस्पृश्य समाजातील कदाचित सर्वांत प्रसिद्ध पुरुष होते, आणि तरुण भीमरावांना त्यांच्याविषयी आदर होता. वाचकांनी हा प्रसंग स्मरणात ठेवावा. पुढे त्याची आठवण होणार आहे.

आता आपण उत्तरार्धाकडे येऊ. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने सुरू झाले. बाळू संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू होते. अनुभवाच्या न्यायाने कर्णधारपद त्यांच्याकडे यायला हवे होते. ते आले नाही. एका वर्षी एकाला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्याला, असे ते फिरत राहिले. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळीच, हा मान वास्तविक ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंना मिळायला हवा होता, असे बोलून दाखवले. पै यांचा हा प्रांजळपणा स्पृहणीय आहे. परंतु मान त्यांच्याकडेच राहिला.

कर्णधारपद एवढे महत्त्वाचे का, असे कोणी विचारील. त्याला काही पगार नसतो. पण कर्णधाराच्या सांगण्यावरून दहा जण आपली जागा बदलतात. नाणेफेकीला तो प्रतिस्पर्ध्यासमोर बरोबरीने उभा राहतो आणि भोजनाच्या वेळी मुख्य जागेवर बसतो. ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याची आज्ञा कशी चालणार? गोलंदाजी ही बाळूंची सेवा होती, आणि ती सर्वांना हवी होती. कर्णधारपद म्हणजे त्यांचा अधिकार मान्य करणे होते, आणि तेथे मात्र हात आखडत होता.

१९२० साल उजाडले तेव्हा बाळू चव्वेचाळीस वर्षांचे होते. देशाचे वातावरण बदलत होते. जानेवारीत डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. मार्चमध्ये माणगाव येथे शाहू महाराजांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. वर्षअखेरीस नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराबरोबर अस्पृश्यतानिवारणाचाही उच्चार झाला. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांत कर्णधार पै पहिल्या सामन्यास उपलब्ध नव्हते. त्यांच्या जागी, धाकटे पालवणकर विठ्ठल ज्येष्ठ असताना, प्राध्यापक दि. ब. देवधर यांना नेमले गेले आणि बाळूंना संघातून वगळण्यात आले. देवधर हे मोठे फलंदाज होते याविषयी वाद नाही, आणि बाळूंच्या बाबतीत वयाचे कारण पुढे करता येण्याजोगे होते. पण विठ्ठल आणि शिवराम यांनी ते मानले नाही. जातीच्या उच्चनीच भावनेमुळेच हा अन्याय झाला, असे जाहीर निवेदन काढून दोघेही संघातून बाहेर पडले. ज्यांचे पोट रोजच्या नोकरीवर आणि ज्यांची प्रतिष्ठा या खेळावर उभी होती, त्यांनी असे करणे हे मोठे धाडस होते. वृत्तपत्रांतून चर्चा झाली आणि लोकमत भावांच्या बाजूने झुकले.

अंतिम सामना पारशांशी होता. पै परतले, पालवणकर बंधूंना सन्मानाने बोलावण्यात आले आणि बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. सामन्याच्या ओघात पै काही काळ मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. पै यांनी हे जाणूनबुजून केले, असे मानले जाते. जे एका माणसाला त्याच्या ऐन उमेदीत द्यायचे होते, ते त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी, घटकाभर, उसने मिळाले. तोच बाळूंचा प्रथम श्रेणीतील अखेरचा हंगाम ठरला. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ विजयी झाला, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलले. थोरल्याने झिजवलेल्या उंबरठ्यावरून धाकटा आत गेला.

येथे आम्हांस दूरदेशीचा एक समांतर दाखला द्यावासा वाटतो. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. त्यात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, आणि पहिला दमला की जो मदतीला बोलावला जातो त्यास रिलीफ पिचर. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय खेळाडू त्या देशातील सर्वश्रेष्ठ पिचरांपैकी एक. पण काळ्यांना मुख्य संघांत प्रवेश नसल्याने त्याची उमेदीची वर्षे काळ्यांच्या वेगळ्या संघांत गेली. ही बंदी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या प्रवेशाने मोडली. पेज १९४८ मध्ये क्लीव्हलंड संघात आला तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. पुढची वर्षे त्याने बहुतांशी रिलीफ पिचर म्हणूनच काढली. १९६५ साली, एकोणसाठाव्या वर्षी, तो पुन्हा एकदा मैदानात उतरला आणि तीन डाव एकही धाव न देता टाकून गेला. निवृत्तिवेतनास त्याचे काही दिवस कमी पडत होते, म्हणून १९६८ मध्ये अटलांटाच्या संघाने त्याला नोकरीवर घेतले. त्याच वर्षी तो मिसूरी राज्याच्या विधिमंडळाच्या निवडणुकीस उभा राहिला आणि हरला. १९७१ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला स्थान द्यायचे ठरले तेव्हा प्रथम काळ्या खेळाडूंसाठी वेगळा कोनाडा करण्याचा बेत होता. लोकांनी ओरड केली तेव्हा कोठे तो रद्द झाला. पुण्यातील मातीचे भांडे आणि अमेरिकेतील वेगळा कोनाडा यांत साता समुद्रांचे अंतर आहे, पण त्यांमागची वृत्ती एकच आहे.

बाळूंच्या काळी खेळाडूस निवृत्तिवेतन नव्हते, समालोचकाची खुर्ची नव्हती, की प्रशिक्षकाचा भरघोस पगारही नव्हता. होते ते नाव. ते नाव त्यांनी सार्वजनिक कार्यास वाहिले. दलितांच्या सभांत त्यांना मानाने बोलावले जाई. परंतु त्यांचा विचार आणि डॉ. आंबेडकरांचा विचार हळूहळू वेगळ्या दिशांना गेला. १९३२ साली ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले, तेव्हा मद्रासचे एम. सी. राजा आणि मुंबईचे बाळू हे संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. महात्मा गांधींनी २० सप्टेंबरला येरवड्यात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या आणि मतदारसंघ संयुक्त राहिले. त्या करारावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते, आणि पालवणकर बाळूही होते. येरवड्याचा तुरुंग पुण्यातच, आणि ज्या पूना क्लबात चार रुपयांवर रोलर ओढला तोही पुण्यातच. चाळीस वर्षांत एका माणसाने केवढे अंतर कापले होते!

१९३३ साली बाळू हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले. १९३५ साली येवल्यास आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. बाळूंना ती पटली नाही. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईतील राखीव जागेवर आंबेडकरांविरुद्ध बाळूंना उभे केले. मानपत्र लिहिणारा आणि ते स्वीकारणारा असे पाव शतकानंतर समोरासमोर आले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे होते. आंबेडकरांसारख्या पुरुषापुढे एकसष्टीच्या घरातील निवृत्त गोलंदाजाने इतकी मते मिळवावीत, हे त्यांच्या नावाच्या वजनाचे गमक आहे.

या निवडणुकीमुळे पुढील पिढ्यांनी बाळूंना जवळजवळ बाजूला ठेवले. त्यांना उभे करणाऱ्यांना बाळू हवे होते की केवळ आंबेडकरांविरुद्ध टाकायला एक चेंडू हवा होता, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु बाळूंना निव्वळ कोणाच्या हातातले बाहुले ठरवणेही न्यायाचे नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एकदा त्यांचा हात तेवढा पाहणे आणि त्यांचे मन नाकारणे होय. त्यांचा अनुभव त्यांना काय सांगत होता याचा विचार करावा. प्रत्येक टप्प्यावर विरोध झाला होता, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी सवर्णाने दार उघडले होते : मुंबईच्या जिमखान्यात कोणी, सत्काराच्या सभेत रानडे, अंतिम सामन्यात पै. दार आतून उघडते असा त्यांचा विश्वास बसला. आंबेडकरांच्या अनुभवाने त्यांना सांगितले की, आतून उघडण्याची वाट पाहत किती पिढ्या ताटकळल्या त्या मोजा. हक्क मागितल्यावाचून मिळत नाही. इतिहासाने आंबेडकरांचे मोठेपण मान्य केले आणि ते योग्यच झाले. तथापि १९२० चे उपकर्णधारपदही भावांनी बाहेर पडून, जाहीर निवेदन काढून मिळवले होते, हे पाहिले म्हणजे दोघांच्या अनुभवांत वाटते तेवढे अंतर नव्हते, असे आम्हांस वाटते.

ग्रेग साहेबांचे पुढे काय झाले, हे आमच्या वाचकांस ऐकण्याजोगे आहे. मुंबईच्या गव्हर्नरांचे लष्करी सचिव म्हणून त्यांनी काम केले, मायदेशी हॅम्पशर काउंटी क्लबचे सचिवपद सांभाळले, आणि आयुष्याच्या साठीनंतर, १९३५ साली, त्यांना कॅथॉलिक धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. १९५८ साली त्यांचे निधन झाले. पूना क्लबाच्या जाळ्यात समोरासमोर उभ्या राहणाऱ्या त्या दोघांपैकी एक वेदीपुढे गेला आणि दुसरा मतपेटीपुढे. दोघांनीही खेळ सुटल्यावर काही सोपे निवडले नाही. ग्रेग यांनी बाळूंची बाजू वृत्तपत्रात मांडली, हे त्यांचे पुण्य आम्ही विसरू नये. आणि त्यांच्याच क्लबात बाळूंच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही, हेही विसरू नये.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. अंत्यसंस्कारास दलित समाजातील अनेक पुढारी उपस्थित होते. तोवर अस्पृश्यता पाळणे हा संविधानाच्या सतराव्या कलमान्वये अपराध ठरला होता, आणि त्याच वर्षी त्यासंबंधीचा कायदाही झाला होता. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून या घरातील कितीतरी गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या. बाळूंनी स्वतः काही मागे ठेवले नाही. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहून बाळूंना त्यात मध्यवर्ती स्थान दिले, तेव्हा कोठे सुशिक्षितांना या नावाची पुन्हा ओळख झाली. मधल्या जवळजवळ अर्धशतकात राजे-महाराजांच्या नावाने चषक झाले, पण भारताच्या पहिल्या थोर गोलंदाजाचे नाव शालेय पुस्तकांतील मुलांच्या तोंडी बसले नाही.

ही कथा वाचून इतरांकडे बोट दाखवणे सोपे आहे. म्हणून शेवटी आपल्या घराकडे पाहिलेले बरे. मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी कितीतरी जणांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे होते, आणि एका ताटातून भाकर मोडण्याचे निमंत्रण त्यांना खरे वाटले म्हणून ते ख्रिस्तसभेत आले. तरीही २०१६ साली भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेला आपल्या धोरणपत्रात मान्य करावे लागले की, जातिभेद आपल्याही उंबऱ्याच्या आत शिल्लक आहे. सोयरीक जुळवताना होणारी दबकी विचारपूस आपल्याला ठाऊक नाही काय? सणाच्या तयारीत मंडप उभारणारे, झाडलोट करणारे, भांडी घासणारे हात कोणाचे असतात, आणि समितीच्या यादीत नावे कोणाची असतात, हे एकदा ताडून पाहावे. ज्येष्ठ कोण, अनुभवी कोण, आणि मान कोणाकडे जातो? एम. डी. पै यांच्यासारखे आपण नुसते बोलून थांबतो, की त्यांच्याचसारखे काही काळ मैदान सोडून दुसऱ्याला जागाही देतो?

फडावरून परतलेल्या माणसाची कंबर एक दिवस वाकते आणि त्याच्या हातातला कोयता दुसऱ्याच्या हाती जातो. त्या दिवशी त्याला गावात कोणत्या नावाने हाक मारली जाते, यावरून त्या गावाची परीक्षा होते. पालवणकर बाळूंना ती हाक आयुष्यात फार उशिरा, आणि तीही फार थोडा वेळ ऐकू आली. आपल्यातील कोणास एवढा उशीर होऊ नये.